'बट', 'पुट' आणि सुंदरलंडचा आवाज : इंग्रजी उच्चारांचा इतिहास



"बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पट का नाही?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीच्या तासाला विचारला असेल, निदान मनात तरी आणला असेल. आणि उत्तर एकच मिळालं असेल : "इंग्रजी तशीच आहे, पाठ कर." आम्हालाही तेच मिळालं होतं. पुढे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवताना ध्यानात आलं की "तशीच आहे" हे उत्तर कुठंही मिळालं की तिथं जरा थांबून खणावं. खाली इतिहास असतो.

गंमत अशी की इंग्लंडच्या उत्तरेकडचं, यॉर्कशरमधल्या एखाद्या खेड्यातलं पोर हा प्रश्न विचारणारच नाही. त्याच्या तोंडी 'पुट' आहे आणि 'बुट'ही आहे. पायातला बूट नव्हे हो, ऱ्हस्व 'बुट'. दोन्ही शब्दांचं यमक चोख जुळतं. कोडं पडतं ते लंडनकडच्या उच्चारात, आणि आपण शिकलो तो उच्चार तिकडचा.

तर आज आपण असं करू. आधी रोजच्या वापरातले चार साधे शब्द घेऊन इंग्लंडभर फिरू : 'बट', 'बाथ', 'कार' आणि 'टाउन'. मग पाहू की त्यातला एक उच्चार 'शुद्ध' आणि बाकीचे 'गावठी' कधी आणि कसे ठरले. आणि शेवटी १९७९ सालच्या एका पोलीस तपासाकडे येऊ, जिथं उच्चारावरून काढलेलं एक अनुमान अगदी बिनचूक होतं, आणि तरीही त्याची किंमत माणसांना जिवानं मोजावी लागली.

पहिला शब्द : बट

विल्यम कॅक्स्टन यानं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तो १४७६ साली. इंग्लंडमधला हा पहिला छापखाना. त्याच्यापुढे अडचण मोठी होती, कारण कुठल्या भागातली इंग्रजी छापायची हेच ठरलेलं नव्हतं. १४९० च्या एका प्रस्तावनेत तो एक किस्सा सांगतो. थेम्सवरून समुद्राकडे निघालेले काही व्यापारी वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्यावर उतरले. एकानं एका घरी अंडी मागितली. त्यानं वापरलेला शब्द होता 'एग्ज'. घरातली बाई म्हणाली, मला बाबा फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसऱ्या कोणीतरी 'आयरन' मागितले तेव्हा तिला उमगलं. अंड्यांना तिच्याकडे तो शब्द होता. आता तुम्हीच सांगा, कॅक्स्टन विचारतो, माणसानं छापावं तरी काय?

पुढच्या दोनेकशे वर्षांत छापणाऱ्यांनी स्पेलिंगं हळूहळू पक्की करत आणली. आणि नेमक्या त्याच काळात उच्चार मात्र चालू लागले. सतराव्या शतकाच्या मध्याच्या आसपास इंग्लंडच्या दक्षिणेत ऱ्हस्व 'उ' फुटला. 'कुप'चा 'कप' झाला, 'बुटर'चा 'बटर', 'लुव'चा 'लव', 'सुन'चा 'सन'. ओठांचा चंबू ढिला पडला, एवढंच. पण काही शब्दांत तो ढिला पडलाच नाही. 'पुट', 'पुल', 'फुल', 'बुल', 'पुश' पाहा. यांची सुरुवात प, ब, फ अशा ओठांनी उच्चारायच्या व्यंजनानं होते. ओठ आधीच कामाला लागलेले असतात, म्हणून पुढच्या स्वरातही चंबू टिकून राहिला. नियम पक्का नाही, 'बट' त्यातून निसटलाच. पण आपल्या शाळेतल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे : स्पेलिंग आधी गोठलं, स्वर नंतर फुटला, आणि तोही अर्धवट फुटला.

ही फूट उत्तरेकडे पोहोचलीच नाही. म्हणून लीड्स-मँचेस्टरकडे आजही 'कुप', 'बुस' आणि 'लुव' ऐकू येतात. सोमवारला ते 'मुंडे' म्हणतात, आपल्याकडे ते आडनाव आहे. कोणी हसलं तर हसू द्या, पण एवढं ध्यानात असू द्या की हा जुना, मूळचा स्वर आहे. बिघाड म्हणायचाच तर तो लंडनचा.

दुसरा शब्द : बाथ

आता आंघोळीकडे येऊ. दक्षिणेत 'बाथ', उत्तरेत आखूड स्वराचा 'बॅथ'. खरं तर उत्तरेकडचा स्वर आपल्या 'ॅ'पेक्षा थोडा उघडा, आखडलेल्या 'आ'सारखा आहे. त्याला आपल्याकडे नेमकं चिन्ह नाही, म्हणून 'बॅथ' लिहून भागवू. तसंच 'ग्लास' आणि 'ग्लॅस', 'लास्ट' आणि 'लॅस्ट', 'पाथ' आणि 'पॅथ'.

इथंही जुना कोण? आखूडवाला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेत हा स्वर आधी लांबला, आणि मग शंभर-दीडशे वर्षांत घशाकडे सरकत सरकत 'आ' झाला. जॉन वॉकर नावाचे एक गृहस्थ आधी नट होते, मग उच्चारशिक्षक झाले. १७९१ साली त्यांनी उच्चारांचा एक कोश काढला. पुढे कित्येक दशकं तो प्रमाण मानला गेला. या वॉकरसाहेबांचं 'आफ्टर', 'बास्केट', 'प्लांट' असल्या लांब उच्चाराबद्दलचं मत काय होतं? तर तो जवळजवळ असभ्यपणाच. म्हणजे बघा, आज जो उच्चार राजघराण्याचा वाटतो, तो १७९१ साली शिष्टांच्या कानाला बोचत होता.

उत्तर अमेरिकेतल्या वसाहती सतराव्या शतकातच वसू लागल्या, म्हणजे हा लांब 'आ' रुजायच्या आधी. म्हणून बहुतेक अमेरिकन आजही 'बॅथ' आणि 'ग्लॅस' म्हणतात. आणि आपण? आपल्या मराठीत इंग्रजी शब्द भराभर शिरले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, तेव्हा दक्षिणेकडचा 'आ' प्रतिष्ठित झालेला होता. म्हणून आपल्याकडे 'बाथरूम' आहे, 'क्लास' आहे, 'पास-नापास' आहे. पण 'गॅस' मात्र 'गास' नाही! कारण लंडनमध्येही 'गॅस'चा स्वर लांबलेला नव्हता. तिथली सगळी विसंगती आपण जशीच्या तशी उचलली. वॉकरांच्या कानाला खटकलेला तो स्वर आज आपल्या घराघरातल्या बाथरूममध्ये आहे.

तिसरा शब्द : कार

'कार'मधला 'र' लंडनचा माणूस म्हणत नाही. तो 'काऽ' म्हणतो, 'पार्क'ला 'पाऽक' म्हणतो. पण शेक्सपिअरच्या काळात हा 'र' इंग्लंडभर ऐकू येत होता. १७९१ चे वॉकर लंडनच्या 'र'बद्दल नोंदवतात की तो इतका मऊ झालाय की अलीकडचा स्वर लांबवण्यापुरताच उरलाय. एकोणिसाव्या शतकात तो आग्नेय इंग्लंडमधून पार गेला आणि न उच्चारणं हेच शिष्टपणाचं झालं.

तो टिकला कुठं? नैर्ऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेटमध्ये, लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नसारख्या काही गावांत, आणि स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये. अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी आहे. आपणही 'डॉक्टर', 'मोटर', 'पार्क' यातला 'र' खणखणीत म्हणतो, कारण आपल्याला अक्षर दिसलं की वाचायची सवय आहे. म्हणजे आपल्या इंग्रजीची गंमत पाहा : स्वर लंडनचा आणि 'र' एडिंबरोचा.

चौथा शब्द : टाउन

हा शब्द आपल्याला ईशान्य इंग्लंडमध्ये नेतो, आणि पुढच्या गोष्टीसाठी तिथं जाणं भागच आहे.

न्यूकॅसलच्या फुटबॉल संघाला त्याचे चाहते 'टून' म्हणतात. हा शब्द म्हणजे 'टाउन'च. जुन्या इंग्रजीत 'हूस', 'कू', 'नू', 'टून' असेच उच्चार होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागा बदलत गेले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडितानं त्याला 'महान स्वरांतर' अशा अर्थाचं नाव दिलं. तोंडातल्या स्वरांची एका बाकावर बसलेल्या मुलांशी तुलना करा. दक्षिणेत दीर्घ 'ओ' वर सरकला आणि त्यानं 'ऊ'ची जागा घेतली. 'फूड' हा शब्द मुळात 'फोऽड' होता. जागा गेली म्हणून 'ऊ' बाकावरून उठला आणि 'आउ' झाला : 'हाउस', 'काउ', 'नाउ', 'टाउन'.

उत्तरेत मात्र हा दीर्घ 'ओ' त्याच्या कितीतरी आधी, १३०० च्या सुमारास, जिभेच्या पुढच्या बाजूला सरकून बसला होता. 'ऊ'ला ढकलायला कोणी उरलंच नाही. म्हणून स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमध्ये 'हूस' आणि 'टून' जागच्या जागी राहिले. आज हे उच्चार कमी ऐकू येतात, पण मोडलेले नाहीत.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतलं. आतापर्यंतचं ऐकून कोणाला वाटेल की उत्तर म्हणजे जुनं आणि अस्सल, दक्षिण म्हणजे नवं आणि बिघडलेलं. तसं नाही. 'टून' टिकला, कारण उत्तरेनं दुसरीकडे आधीच बदल केला होता. थांबलेलं कोणीच नाही. प्रत्येक प्रदेश काही जपतो, काही बदलतो. आणि जुनं म्हणून बरोबर, हाही तर्क नव्हे. तसं म्हटलं तर आपल्याला प्राकृतात बोलावं लागेल.

मग 'शुद्ध' कुठून आलं?

शुद्ध उच्चाराची चिंता वाढली ती अठराव्या शतकात. व्यापारानं पैसा आला, नवा मध्यमवर्ग आला, आणि वरच्या वर्गात शिरायचं तर बोलणं तसं हवं ही भावना आली. टॉमस शेरिडन हे नाटककार शेरिडनचे वडील. ते मूळचे डब्लिनचे. १७६१ साली ते एडिंबरोला गेले आणि तिथल्या सुशिक्षित स्कॉटिश मंडळींना इंग्रजी कसं बोलावं यावर व्याख्यानं दिली. एक आयरिश माणूस स्कॉटिश लोकांना लंडनची इंग्रजी शिकवतोय, आणि लोक पैसे देऊन ऐकताहेत!

तिथंच आमचा आवडता डेव्हिड ह्यूम राहत होता. युरोपभर गाजलेला तत्त्वज्ञ. त्यानं १७५२ च्या सुमारास आपल्या लेखनात येऊ नयेत अशा स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादीच छापली. लिहिताना त्यानं ते निवडून निवडून काढले, पण बोलण्याची ढब काही गेली नाही. त्याच्याबद्दल एक विनोद सांगतात : ह्यूम मरताना पापांची कबुली देऊन गेला नाही, आपल्या स्कॉटिश शब्दांची देऊन गेला.

याच ह्यूमनं जगाला शिकवलं की दोन गोष्टी वारंवार शेजारी शेजारी दिसल्या की मन त्यांच्यात अटळ नातं जोडतं. ते नातं वस्तूंत नसतं, आपल्या सवयीत असतं. सत्ता लंडनमध्ये, दरबार लंडनमध्ये, पुस्तकं लंडनमध्ये. लंडनचा उच्चार आणि शहाणपण ही जोडी वारंवार शेजारी दिसली. बाकी काम सवयीनं केलं. ह्यूमला हे पुस्तकात कळलं होतं, स्वतःच्या जिभेबाबत मात्र त्याला ते वापरता आलं नाही. मोठ्या माणसांचंही असं होतं.

एकोणिसाव्या शतकात या चिंतेनं एक अक्षर धरलं : 'ह'. इंग्लंडच्या बहुतेक शहरांत सामान्य माणूस 'हाउस'ला 'आउस' म्हणायचा, आजही म्हणतो. आता 'ह' गाळणं हे अडाणीपणाचं चिन्ह ठरलं. त्यावर छोटी छोटी पुस्तकं निघाली. लोक इतके धास्तावले की नको तिथंही 'ह' घालू लागले. आणि विसंगती पाहा. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांतला 'ह' गाळायचा, ते सुशिक्षिताचं लक्षण. 'हॉस्पिटल'मधला गाळला की अडाणी. हे सगळे शब्द फ्रेंचमधून आलेले, आणि तिथं 'ह' मुका होता.

मग ईटन-हॅरोसारख्या महागड्या निवासी शाळांतून एकसारखा उच्चार घडला. तो कुठल्या गावचा राहिला नाही, वर्गाचा झाला. डॅनिएल जोन्स यांनी १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात या शाळांवरूनच त्याला नाव दिलं. १९२६ पासून त्यांनी 'रिसीव्हड प्रोनन्सिएशन', म्हणजे सर्वमान्य उच्चार, असं म्हणायला सुरुवात केली. सर्वमान्य कोणाला? भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांच्या १९७० च्या दशकातल्या अंदाजानुसार तसं बोलणारे इंग्लंडमध्ये सुमारे ३ टक्के होते.

बीबीसीनं १९२६ साली निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली. पुढे तिचे अध्यक्ष झाले बर्नार्ड शॉ, ज्यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकात उच्चारावर एका फुलवालीचं नशीब बदलतं. महायुद्धात, १९४१ साली, बीबीसीनं यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. जर्मनांना या आवाजाची नक्कल करणं अवघड जाईल, असाही एक हिशेब होता. उत्तरेच्या श्रोत्यांना पिकल्स 'गुड नाइट'ऐवजी 'गुड नीट' म्हणायचे. तक्रारींची पत्रं आली. बातमी तीच, आकडे तेच. पण या आवाजात ऐकल्या तर खऱ्या वाटत नाहीत, असा सूर होता. मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. आवाज बदलला की सत्य बदलतं, असं माणसांना खरोखर वाटतं.

ऐकणारी माणसं

याच काळात काही माणसं न हसता, न सुधारता, नुसतं ऐकत होती. जोसेफ राइट त्यातले अग्रणी. यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा गरीब घरातला मुलगा. लहानपणी गाढवाची गाडी हाकली, मग सॉल्टेअरच्या गिरणीत बॉबिन बदलायचं काम केलं. वाचायला शिकला तो वयाच्या पंधराव्या वर्षी. पुढे जर्मनीत हायडेलबर्गला डॉक्टरेट, आणि १९०१ साली ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचं अध्यासन. त्या जागी आधी कोण होतं? आपल्या ओळखीचे मॅक्स म्युलर. राइट यांनी १८९२ साली आपल्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण लिहिलं, आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश सिद्ध केला. बोली सोडून विद्वान व्हायचं असतं, या समजुतीला त्यांचं आयुष्यच उत्तर होतं.

त्यांच्या वाटेनं पुढे गेले लीड्स विद्यापीठातले हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिचचे ऑयगेन डीट. त्यांनी आखलेली इंग्रजी बोलींची पाहणी १९५० ते १९६१ अशी चालली. ३१३ ठिकाणं, तेराशेहून अधिक प्रश्न. बोलणारे बहुतेक म्हातारे शेतकरी, कारण प्रवास कमी केलेल्या माणसाच्या तोंडी गावचा उच्चार टिकतो. पद्धत मोठी शहाणी होती : शब्द आपण उच्चारायचाच नाही. वस्तू दाखवायची किंवा तिचं वर्णन करायचं, आणि विचारायचं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? आपण शब्द उच्चारला की समोरचा आपली नक्कल करतो.

या पाहणीत गावोगाव हिंडलेला एक तरुण होता स्टॅनली एलिस. मूळचा ब्रॅडफर्डचा. कारवान घेऊन खेड्यात मुक्काम टाकायचा आणि शेतकऱ्यांशी तासन् तास बोलायचं. अशा वर्षांतून त्याचा कान तयार झाला. आता आपण १९७९ मध्ये येऊ.

सुंदरलंडचा आवाज

१९७५ पासून यॉर्कशर आणि आसपास महिलांचे खून होत होते. वेस्ट यॉर्कशर पोलिसांना खुनी सापडत नव्हता. जून १९७९ मध्ये तपासप्रमुखांच्या नावे एक ध्वनिफीत आली. एक पुरुष थंड आवाजात पोलिसांची टर उडवत होता आणि आपणच खुनी असल्याचं सांगत होता. आधी तशीच पत्रंही आली होती. त्यांतले काही तपशील खुन्यालाच ठाऊक असणार, असं पोलिसांना वाटलं. प्रत्यक्षात ते वर्तमानपत्रांत येऊन गेले होते.

फीत एलिस यांच्याकडे गेली. त्यांच्यासोबत लीड्सचेच ध्वनिशास्त्रज्ञ जॅक विंडसर लुइस होते. बाहेरच्या कानाला हा आवाज सरळ न्यूकॅसलचा वाटतो. ईशान्येचं सगळं एकच, अशी आपली समजूत असते. पण न्यूकॅसल टाइन नदीवर आणि सुंदरलंड वेअर नदीवर. अंतर फार नाही, पण स्वर वेगळे. एलिस यांनी आवाज सुंदरलंडचा ठरवला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी त्या शहराच्या कडेची कॅसलटाउन ही वस्ती दाखवली.

पोलिसांनी आवाज गावोगाव ऐकवला. फोन फिरवून कोणालाही तो ऐकता येत होता. जाहिराती झाल्या, फलक लागले. आणि संशयितांना वगळायची एक कसोटी ठरली : ज्याचा उच्चार ईशान्येकडचा नाही, तो खुनी नाही.

त्याच वर्षी एलिस आणि लुइस यांना शंका आली. एवढ्याशा वस्तीत इतका शोध घेऊन माणूस मिळत नाही, तेव्हा हा कोणी खोडसाळ असावा, आणि ज्याच्यावर खुनाचा आळच येऊ शकत नाही असा असावा. हे त्यांनी पोलिसांना कळवलं. तपासाची दिशा बदलली नाही.

जानेवारी १९८१ मध्ये खरा खुनी पकडला गेला. पीटर सटक्लिफ, ब्रॅडफर्डचा ट्रकचालक, बोलणं अस्सल यॉर्कशरचं. तपासाच्या काळात पोलिसांनी त्याला नऊ वेळा प्रश्न विचारून सोडून दिलं होतं. १३ खुनांबद्दल तो दोषी ठरला. त्यातले तीन, ती फीत आल्यानंतरचे.

आणि फितीतला आवाज? २००५ साली जुन्या पाकिटावरच्या लाळेतून डीएनए मिळाला आणि जॉन हंबल नावाचा माणूस सापडला. तो सुंदरलंडचाच, कॅसलटाउनजवळच्या वस्तीतला. २००६ साली त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे सव्वीस वर्षांनी सिद्ध झालं की एलिस यांचा कान बिनचूक होता.

अनुमान कुठं चुकलं?

आता थोडं आमच्या विषयातलं. आपल्या न्यायशास्त्रात डोंगरावरच्या धुराचं उदाहरण घोटलेलं असतं : धूर दिसतो, म्हणून आग आहे. हे चालतं, कारण धूर आणि आग यांच्यात व्याप्ती आहे; जिथं धूर तिथं आग, अपवाद नाही. उच्चारावरून गाव ओळखणं हे असंच आहे. त्यामागे चार-पाचशे वर्षांचा स्वरांचा इतिहास आहे. कुठला स्वर कुठं फुटला, कुठं टिकला, हे जाणणाऱ्याला माणूस कुठं वाढला ते सांगता येतं. ही पहिली पायरी. ती पक्की होती.

पोलिसांची दुसरी पायरी होती : हा आवाज आणि हा खुनी, एकच. तिला कसलाच आधार नव्हता. पण पहिल्या पायरीची खात्री त्यांनी दुसरीला उसनी दिली. शास्त्रज्ञांनी गाव इतकं नेमकं सांगितलं की बाकीचंही नेमकं वाटू लागलं.

मंडळी, हा त्या पोलिसांचा खास दोष नाही. रोजच्या व्यवहारात आपण हेच करतो. बोलणं ऐकतो आणि माणूस कुठला ते ओळखतो. बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. त्या बरोबर ओळखण्याच्या समाधानातच पुढची पायरी चढतो : म्हणजे हा मागासलेला असणार, किंवा हा हुशार असणार. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात संशयिताच्या पोलिसी जबाबाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. मजकूर तसाच, उच्चार निराळे. बर्मिंगहॅमच्या उच्चारात ऐकणाऱ्यांनी त्याला जास्त दोषी ठरवलं. पिकल्सच्या बातम्या खऱ्या न वाटणाऱ्यांची ही नातवंडंच म्हणायची.

आपल्या घरातही डोकावू. वऱ्हाडात किंवा खेड्यापाड्यांत 'पाणी'चं 'पानी' होतं, 'आणि'चं 'आनि' होतं. एवढ्या एका अक्षरावर आपण किती माणसांचा निकाल लावलाय? आम्ही चाळीसेक वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या. समोरचा विद्यार्थी 'प्रमान' म्हणाला की आमच्या मनात काहीतरी हलायचं, आणि मग त्याचं उत्तर कानावर यायचं. प्रमाण म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं की नाही, एवढंच आम्हाला तपासायचं होतं. त्या मनात हलण्यानं किती गुण खाल्ले, याचा हिशेब आता लागणार नाही.

स्टॅनली एलिस यांनी खेड्यातल्या शेतकऱ्यासमोर बसून जे केलं, ते आपल्याला शिकता येईल. प्रश्न विचारायचा, आपला शब्द त्याच्या तोंडात घालायचा नाही, आणि तो म्हणेल ते नीट ऐकायचं. माणूस कुठला, ते त्याचा उच्चार सांगेल. तो कसा आहे, ते कळायला मात्र तो काय म्हणतोय ते ऐकावं लागेल.

इथं थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि आपापल्या गावच्या उच्चारातच विचारा.